‘वॉश’ आणि धुणें

गेल्या वर्षीं वर्गांत इंग्रजी गद्याचा एक उतारा शिकवीत असतां एक वाक्य आलें. कोणा एकाची सबब ऐकून दुसरा म्हणतो कीं, ही सबब ‘वॉश’ व्हावयाची नाहीं. एका विद्यार्थ्यास आम्हीं त्याचें मराठी करावयास सांगितलें. त्यानें क्षणभर विचार केला आणि उत्तर दिलें, ‘ही सबब धुतली जाणार नाहीं.’ वर्ग हंसला. आम्हांसही हंसूं आलें. पण घरीं परततांना मनास वाटूं लागलें कीं, त्या मुलाची चूक ती काय? ‘वॉश म्हणजे धुणें’ हें समीकरण त्यास शाळेंत आमच्यासारख्यांनींच पाठ करविलें होतें.

आमचें गांव उचगांव. कोल्हापूर शहराच्या पूर्वेस, करवीर तालुक्यांत तें आहे, आणि त्याला लागूनच गांधीनगरची कापडपेठ आहे. फाळणीनंतर इकडे आलेल्या सिंधी कुटुंबांनीं ही पेठ नांवारूपास आणिली. त्याच सायंकाळीं कांहीं कामानिमित्त आम्हीं तेथें एका दुकानांत बसलों होतों. एक बाई लुगड्याचा पदर बोटांनीं चोळून पाहत होत्या. दुकानदार म्हणाला, ‘ताई, कितीही धुवा, रंग जाणार नाहीं.’ बाईंनीं उत्तर दिलें, ‘तें आतां कसें कळणार? एकदां धुतल्यावर कळेल.’

सकाळच्या वाक्याचा अर्थ त्या बाईंनीं आम्हांस दुकानांत बसल्या बसल्या सांगितला. इंग्रजींत ‘वॉश’ हें क्रियापद अकर्मकही वापरतात. जें कापड धुतल्यावर टिकतें, ज्याचा रंग उतरत नाहीं, तें चांगलें ‘वॉश’ होतें असें म्हणण्याचा तेथें प्रघात आहे. एकोणिसाव्या शतकांत हा प्रयोग कापडावरून बोलण्यावर आला. जी सबब चौकशीच्या पाण्यांत पडतांच विटते, ती ‘वॉश’ होत नाहीं. आपण मराठींत म्हणूं, ‘ही सबब टिकावयाची नाहीं’, किंवा अधिक सलगीनें, ‘ही थाप पचणार नाहीं.’ इंग्रजानें परटाकडून दृष्टांत घेतला, मराठी माणसानें पोटाकडून. अर्थ एकच, वाट निराळी.

या एका शब्दाच्या मागें लागून आम्हीं पुढें बरेच दिवस कोश चाळीत होतों. त्यांतून जें हातीं आलें तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु.

‘वॉश’ हा अस्सल जर्मानिक कुळांतला शब्द आहे. पाण्याला इंग्रजींत जो शब्द आहे, त्याच्याशीं याचें रक्ताचें नातें मानितात. म्हणजे मूळ अर्थ जवळजवळ ‘पाण्याचा प्रयोग करणें’ एवढाच. म्हणूनच हा शब्द इतका ऐसपैस झाला. हात, तोंड, वस्त्र, भांडें, रस्ता, मोटार, सारें कांहीं त्यांत मावतें. चित्रकार कागदावर पातळ रंग फिरवितो तोही ‘वॉश’, आणि लाट किनाऱ्यावर येऊन आदळते तोही ‘वॉश’च.

याच्या शेजारीं लॅटिनच्या ‘लवारे’ या धातूपासून आलेला ‘लाँडर’ हा दुसरा शब्द इंग्रजींत नांदतो. याची हकीकत मोठी गमतीची आहे. लॅटिनमध्यें ‘लवांदा’ म्हणजे धुवावयाच्या वस्तू. तेथून फ्रेंचमार्गें कपडे धुणाऱ्या माणसाचें नांव इंग्रजींत आलें. तें आखडून ‘लाँडर’ झालें, आणि मग त्या नांवाचें क्रियापद बनलें. म्हणजे येथें आधीं धुणारा आला आणि मागाहून धुण्याची क्रिया! ‘लवांदा’ या शब्दाचें आम्हांस विशेष कौतुक वाटलें, कारण आपल्या ‘धुणें’ या शब्दाचेंही तसेंच आहे. ‘धुणें’ ही क्रियाही आहे, आणि ‘धुणें वाळत घाल’ असें म्हणतों तेव्हां तो ओल्या कपड्यांचा पिळाही आहे.

आतां एका उणिवेकडे वळूं. प्राचीन ग्रीक भाषेंत धुण्याला तीन निराळीं क्रियापदें होतीं. हातपाय धुणें याला एक, सर्वांग न्हाणें याला दुसरें, आणि वस्त्रें धुणें याला तिसरें. इंग्रजीचें ‘वॉश’ या तिहींना एकाच टोपलींत घालतें. याचा परिणाम केवळ शाब्दिक झाला असें नाहीं. योहानाच्या शुभवर्तमानांत येशू शिष्यांचे पाय धूत असतां पेत्राला जें सांगतो, त्याचा सारा भर या भेदावर आहे: ज्याचें स्नान झालें त्याला पाय तेवढे धुतले म्हणजे पुरे. १६११ सालच्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरांत दोन्हीं ठिकाणीं ‘वॉश’ हेंच क्रियापद आलें, आणि वाक्याचा कणाच मोडला. पुढें १८८१ सालीं सुधारून काढलेल्या नव्या करारांत पहिल्या ठिकाणीं ‘स्नान करणें’ या अर्थाचा शब्द घालून ही चूक दुरुस्त करावी लागली. मराठी भाषांतरकारास मात्र हा भेद दाखविण्यास कोणतेही सायास पडत नाहींत. स्नान आणि धुणें हीं आपल्या घरांत प्रथमपासूनच दोन वेगळ्या खुंट्यांवर टांगलेलीं आहेत.

हें धन आपणांस वारशानें आलेलें आहे. संस्कृतांत निज्, क्षल्, मृज्, स्ना, धाव् असे निरनिराळे धातु या कामाला आहेत. यांपैकीं निज् हा हातपाय धुण्याच्या त्या ग्रीक क्रियापदाचा सख्खा भाऊ होय; परटाला संस्कृतांत ‘निर्णेजक’ म्हणत तें यावरूनच. धाव् या धातूला पाणिनीय धातुपाठांत गति आणि शुद्धि असे दोन अर्थ दिले आहेत. त्यांतील दुसऱ्या अर्थाच्या कुळांतून ‘धौत’ आला, आणि आपलें ‘धुणें’ही याच कुळांतलें. स्ना पासून आपलें ‘न्हाणें’ निघालें. पालि भाषेंत केस कापणाऱ्यास ‘नहापित’, म्हणजे न्हाऊ घालणारा, असें नांव आहे; तेव्हां आपला न्हावी मुळांत न्हाणींतलाच माणूस ठरतो. क्षल् हा ‘प्रक्षालन’ होऊन देवळांत गेला. पंढरपुरास आषाढी-कार्तिकी यात्रांनंतर प्रक्षाळपूजा होते. आमच्या कोल्हापूरकडे चैत्र यात्रा आटोपली कीं जोतिबाच्या डोंगरावर ‘पाकाळणी’ होते; लाखो पावलांची आणि गुलालाची धूळ धुऊन देऊळ स्वच्छ करितात. ज्या खेडुतानें ‘प्रक्षालन’ हा शब्द उभ्या जन्मांत ऐकिला नसेल, तो दरवर्षीं पाकाळणीला जातो. शब्द असे जगतात.

पण संस्कृताहूनही श्रीमंत आहे ती घरांतली मराठी. भांडें घासावयाचें, मग विसळावयाचें. तांब्याचें तोंड अरुंद असेल तर आंत पाणी घालून खंगाळावयाचें. धुणें आधीं भिजत घालावयाचें, मग चोळावयाचें, दगडावर आपटावयाचें, पाण्यांत बुचकळावयाचें, पिळावयाचें, झटकावयाचें. तलम वस्त्राला आपटणें सोसत नाहीं. तें हलक्या हातानें चुबकून काढावयाचें. तांदूळ धुतल्यावर जें पाणी उरतें, त्याला ‘धुवण’ असें वेगळें नांव. अंघोळ रोजची, न्हाणें डोक्यावरून, शिकेकाई किंवा रिठा लावून. आमच्याकडे शेतावरून आलेला माणूस ‘अंग धुऊन येतों’ असेंही म्हणतो. जेवण झाल्यावर हात-तोंड धुणें तें आंचवणें. मर्तिकाहून आल्यावर अंगावरील वस्त्रांसह करावयाचें तें सचैल स्नान. परटाच्या घरीं आणखी निराळे शब्द: भट्टी, खळ, इस्त्री.

जेम्स मोल्सवर्थ या ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्यानें जॉर्ज व थॉमस कँडी या बंधूंच्या आणि शास्त्रीमंडळींच्या साहाय्यानें आपला मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं प्रसिद्ध केला. १८५७ सालीं त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति निघाली, तींत सुमारें ६०,००० शब्द आहेत. मराठीकडून इंग्रजीकडे जाणाऱ्या अशा कोशांत प्रत्येक मराठी शब्दाला आपापली ओळ मिळते. तेथें विसळणें वेगळें, खंगाळणें वेगळें. उलट दिशेचा, इंग्रजी-मराठी कोश मोल्सवर्थनें आरंभिला आणि थॉमस कँडीनें १८४७ सालीं पुरा केला. आमच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या त्या या दुसऱ्या वाटेनें. या वाटेनें चालणारा विद्यार्थी इंग्रजी शब्दापाशीं थांबतो, त्याच्यासमोर दिलेला पहिला मराठी शब्द उचलतो, आणि पुढें निघतो. मोठ्या कोशाचे छोटे कोश झाले, छोट्यांच्या शालेय शब्दसूची झाल्या, आणि प्रत्येक पायरीवर मागचे शब्द गळत गेले. शेवटीं उरलें तें ‘वॉश म्हणजे धुणें’.

अशा समीकरणाचा धोका म्हणींच्या बाबतींत फार स्पष्ट दिसतो. रोमन सुभेदार पिलात यानें लोकांसमोर पाण्यानें हात धुऊन ‘या रक्ताची जबाबदारी माझी नव्हे’ असें दर्शविलें. तेथून एखाद्या गोष्टीचे ‘हात धुणें’ म्हणजे तिच्याशीं संबंध तोडणें हा अर्थ इंग्रजींत रूढ झाला. आम्हीं एका भाषांतरांत वाचलें, ‘त्यानें या प्रकरणापासून हात धुतले.’ मराठी वाचक गोंधळणार नाहीं तर काय? आपण हात धुतों ते पाठीस लागण्यासाठीं, ‘हात धुऊन मागें लागतों’. किंवा लाभ उठविण्यासाठीं, ‘वाहत्या गंगेंत हात धुऊन घेतों’. इंग्रजाचा हात धुतला म्हणजे तो मोकळा झाला. आपला धुतला म्हणजे तो कामास लागला! संबंध तोडावयाचा तर आपण हात झटकतों, अथवा त्या वस्तूवर पाणी सोडतों. आणि एखादी गोष्ट हातची गेली तर तिला ‘आंचवतों’. जेवण संपलें, हात धुतले, आतां पुन्हां पानावर बसणें नाहीं. हा भाव एका क्रियापदांत ज्या भाषेनें सांठविला, तिला उसन्या धुण्याची गरज काय?

अलीकडच्या काळांत इंग्रजी धुण्याचीं दोन अपत्यें आपल्याकडे नित्य येऊं लागलीं आहेत. माणसाच्या मनांतील जुने विचार बळानें पुसून नवे भरणें याला १९५० सालीं एडवर्ड हंटर या अमेरिकन पत्रकारानें एका चिनी शब्दाच्या धर्तीवर ‘ब्रेनवॉशिंग’ हें नांव प्रचारांत आणिलें. आणि गैरमार्गाचा पैसा सन्मार्गाचा भासविणें याला ‘लाँडरिंग’ म्हणण्याची चाल अमेरिकेंत वॉटरगेट प्रकरणाच्या सुमारास, म्हणजे १९७३ च्या आसपास, सर्वतोमुखीं झाली. आपल्याकडे २००२ सालीं त्याविरुद्ध कायदा झाला, तो २००५ पासून अमलांत आहे. त्याच्या हिंदी नांवांत या कृत्याला ‘धन शोधन’ म्हटलें आहे. शोधन म्हणजे शुद्धि! ऐकणाऱ्यास तें एखादें पुण्यकर्म वाटावें. बाजारांतला मनुष्य म्हणतो, ‘काळा पैसा पांढरा करणें’. त्यांत निदान पैसा मूळचा काळा होता याची कबुली आहे. ज्या परटाच्या नांवावरून ‘लाँडर’ निघाला तो बिचारा मळलेलें वस्त्र खरोखरच स्वच्छ करीत होता. आज त्याच्या धंद्याचें नांव, कांहींच स्वच्छ न करणाऱ्या धंद्याला मिळालें आहे.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल कीं, हें भाषाशुद्धीचें जुनेंच प्रकरण आहे. तसें नाहीं. भाषाशुद्धीचा विचार आम्हां कोल्हापूरकरांस परका नाहीं. येथील राजाराम कॉलेजांत प्राध्यापक असलेले कवि माधव जूलियन यांनींच १९३८ सालीं ‘भाषाशुद्धि-विवेक’ हा ग्रंथ लिहिला. आणि त्यापूर्वीं, १९२५ सालीं, ‘फार्शी-मराठी कोश’ रचणारेही तेच. परंतु भाषा धुवावयास बसावें तर साबण कोठून आणावा? ‘साबण’ हा शब्दच मुळीं परका. अरबांचा म्हणा वा पोर्तुगीजांचा. मागून फिरवावयाची ‘इस्त्री’ तीही पोर्तुगीजांकडून आलेली. तेव्हां ‘वॉश’ हा शब्द घराबाहेर घालवावा असें आमचें म्हणणें नाहीं. तो एकटा आला असतां चार घरचे शब्द उठून जातात, एवढीच आमची तक्रार होती.

‘होती’ असें म्हणण्यास कारण आहे, आणि तें सांगितल्यावांचून हा लेख प्रामाणिक व्हावयाचा नाहीं.

वर जी शब्दांची यादी दिली ती आम्हांस कोठून मिळाली? कोश पुष्टि देण्यास होते. पण ते शब्द आमच्या कानांवर पडले ते उचगांवच्या घराच्या मागील दारीं, आईच्या तोंडून. तेथें एक काळा दगड होता. थंडीच्या दिवसांत पहांटे त्या दगडावर धुण्याचा आवाज सुरू होई, तेव्हां आम्ही पांघरुणांत असूं. तिच्या हातांना हिवाळाभर भेगा असत. राखेनें भांडीं घासतांना त्या झोंबत. तिला विसळणें आणि खंगाळणें यांतला भेद ठाऊक होता, कारण दोन्हीं कामें तिलाच करावीं लागत. आम्हीं हे शब्द उभ्या जन्मांत शेंकडों वेळां वापरिले असतील; विसळलें मात्र एकदांही नाहीं. इंग्रजी शिकलेल्या आमच्यासारख्या गृहस्थास ‘वॉश म्हणजे धुणें’ हें समीकरण पुरेसें वाटलें, याचा दोष केवळ कोशाकडे जात नाहीं. ज्याचे कपडे दुसरें कोणी धुतें, त्याला एक क्रियापद पुरतें.

परटाचीही हीच कथा. बारा बलुतेदारांत त्याची गणना. त्यानें गांवाचा मळ धुवावा आणि सुगीला धान्य घ्यावें. धुतलेलें वस्त्र पवित्र, पण तें धुणारा मात्र खालचा, असा न्याय गांवानें शतकानुशतकें चालविला. त्याच परीट समाजांत १८७६ सालीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं गाडगे महाराजांचा जन्म झाला. त्यांनीं हातांत खराटा घेऊन गांवेंच्या गांवें झाडलीं, आणि रात्रीं कीर्तनांतून तींच माणसें मनानें धुऊन काढलीं. १९५६ सालीं ते गेले. स्वच्छ करणारा हलका नव्हे, घाण करणारा हलका, हें त्यांनीं कोणत्याही कोशाच्या मदतीवांचून महाराष्ट्राला शिकविलें.

कोल्हापुरांत नळाला ‘चावी’ म्हणतात. रंकाळ्याच्या परिसरांत एका जागेला ‘धुण्याची चावी’ असें नांव पडलें आहे. तलावाच्या पाण्यावर शहरांतल्या बायकांनीं जे श्रम केले, त्यांचें स्मारक म्हणून कोणी पुतळा उभारला नाहीं. तें दोन शब्दांचें नांव तेवढें राहिलें. आम्हीं विद्यार्थिदशेंत त्या वाटेनें पुष्कळदां गेलों असूं. नांवाचा अर्थ आतां कळूं लागला आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या घरीं धुण्याचें यंत्र आलें. तेव्हां आई हयात होती. पहिल्या दिवशीं ती त्याच्या कांचेसमोर पाट मांडून बसली आणि कपडे फिरतांना शेवटपर्यंत पाहत राहिली. यंत्रावर तीन खुणा होत्या. त्यांखालीं इंग्रजींत काय लिहिलें आहे असें तिनें विचारलें. आम्हीं वाचून दाखविलें: वॉश, रिन्स, स्पिन. अर्थ सांगावयाच्या आधींच, यंत्र काय करतें तें पाहून ती म्हणाली, ‘म्हणजे धुणें, विसळणें आणि पिळणें.’ आम्ही चकित झालों. तीस वर्षें इंग्रजी शिकवून जें भाषांतर आम्हांस सुचलें नसतें, तें तिनें इंग्रजीचें एक अक्षर न जाणतां केलें. इंग्रजींत विसळण्याला शब्द नाहीं असा जो आमचा समज होऊं लागला होता, तोही त्या दिवशीं गेला. त्या भाषेंतही विसळणाऱ्या बायका होत्या, आणि त्यांचा शब्द त्यांच्या यंत्रावर येऊन बसला होता. यंत्र थांबल्यावर आईनें कपडे बाहेर काढले, एक बादली भरून घेतली, आणि म्हणाली, ‘आणखी एकदां हातानें विसळून घेतें.’ त्या वेळीं आम्हीं तिच्या हातची बादली घेतली, आणि पुढें महिनाभर तें काम आमच्याकडेच होतें.

तेव्हां शब्द जातात याचें दुःख करितांना थोडें जपून करावें असें आम्हांस वाटतें. कांहीं शब्द त्यांचें काम संपलें म्हणून जातात, आणि त्या कामाबरोबर हातांच्या भेगाही जातात. त्या भेगा परत याव्यात अशी इच्छा कोणीं करूं नये. परंतु विसळणें थांबलेलें नाहीं. घरोघरीं तें आजही चालू आहे. फक्त तें करणारी बाई बहुधा दुसऱ्या घरची असते, आणि तिच्या कामाला आपण ‘धुणींभांडीं’ या एका जोडशब्दांत गुंडाळून टाकतों. जोंवर काम आहे तोंवर त्याचा शब्द आपल्या तोंडीं असावा. आणि शक्य तर शब्दाबरोबर कामही थोडें हातीं असावें.

यंदा तोच उतारा पुन्हां शिकवावयाचा आहे. ‘वॉश’ हा शब्द आला म्हणजे त्याचा अर्थ सांगण्यापूर्वीं वर्गास एक प्रश्न विचारावयाचा आम्हीं ठरविलें आहे: आज सकाळीं तुमच्यापैकीं कितीजणांनीं आपला पेला स्वतः विसळला?